बोट इथे, बाण तिथे

जयवंत बुवांनी समोरच्या काचेवर ‘पुढे’ या शब्दावर बोट ठेवलं आणि शेजारच्या मॉनिटरवर कचऱ्याचा डबा उघडला.

“ह्या काय?” बुवांनी विचारलं.

“काही नाही, कचऱ्याचा डबा आहे,” जितेंद्र म्हणाला.

“माझी गौळण थय गेली?”

“नाही हो, गौळण जागेवर आहे. तुम्ही परत दाबा बघू. जरा हलक्या हाताने.”

बुवांनी हलक्या हाताने दाबलं. या वेळी बुद्धिबळाचा पट उघडला. बुवांनी जावयाकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं आणि बोट धोतराला पुसून घेतलं, जणू दोष बोटाचाच होता.

जयवंत आंबेरकर हे डबलबारीतले नावाजलेले बुवा. डबलबारी म्हणजे भजनाचाच प्रकार, पण त्यात शांती शोधायला कुणी जात नाही. दोन बुवा आपापला ताफा घेऊन एकाच रंगमंचावर बसतात. आधी एकाची बारी, मग दुसऱ्याची, आणि शेवटी झगडा. झगड्यात एक बुवा गाण्यातून कोडं घालतो, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. ज्याला सुचलं नाही तो हरला. मग कोकणातली माणसं पुढच्या माघी गणपतीपर्यंत त्याच गोष्टीवर चहा पितात.

बुवांचे डोळे आता वहीतलं अक्षर पकडत नव्हते. गेल्या वर्षी विरारला ऐन गजरात ते अडले होते. पखवाजवाल्या सिद्धेशने बराच वेळ नुसता पखवाज बडवून वेळ मारून नेली, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. तेव्हापासून बुवा घरात कुणाशी धड बोलत नव्हते. या रविवारी आचोळ्यात माघी गणपतीपुढे त्यांची बारी होती आणि समोर होते काशीराम बुवा कोचरेकर, जे आयुष्यात कधी वही घेऊन बसले नव्हते आणि हे दर बारीला माइकवरून सांगतही होते. या बारीला अडलो तर पेटी कायमची पलंगाखाली, असं बुवांनी जाहीर करून टाकलं होतं. त्यांची मुलगी क्षितिजा हे ऐकून रडली होती. रडणं ओसरल्यावर ती नवऱ्याला म्हणाली होती, “एवढं कम्प्युटर कम्प्युटर करतोस, बाबांसाठी काहीतरी कर ना!”

तर जितेंद्र करत होता. सातिवलीच्या एका कारखान्यात तो कम्प्युटर सांभाळायचा. शेजारच्या गोदामात बंद पडलेल्या एका हॉटेलचं सामान आलं होतं, त्यात बिलाच्या काउंटरवरची ही बोट लावून चालणारी काच होती. कडेला पावभाजीचा रंग अजून होता. कल्पना सोपी होती. बुवांचं सगळं भजन कम्प्युटरमध्ये मोठ्या अक्षरात टाइप करायचं. ही काच दुसरा पडदा म्हणून जोडून पेटीपुढे ठेवायची. बुवांनी एका हाताने भाता मारावा, दुसऱ्याने सूर धरावा आणि मधेच एक बोट काचेला लावून पान उलटावं. जितेंद्रने आपल्या मॉनिटरवर लक्ष ठेवावं.

आता हे लिनक्सवरच करायला हवं होतं का? नव्हतं. पण लिनक्स वापरणारा माणूस आणि नुकतंच योगासनं करू लागलेला माणूस, दोघांनाही ते न सांगता चैन पडत नाही. “व्हायरस नाही, फुकट आहे आणि सगळं आपल्या हातात आहे,” असं जितेंद्र दुधवाल्यालाही सांगायचा. तूर्त फक्त काच तेवढी हातात नव्हती. लिनक्सच्या लेखी दोन पडदे म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेला एकच लांबलचक पडदा. काच बिचारी स्वतःला त्या अख्ख्या लांबीची मालकीण समजत होती. त्यामुळे बोट काचेवर पडायचं आणि बाण उमटायचा भलतीकडेच, बहुतेक वेळा जितेंद्रच्या मॉनिटरवर.

“रात्रंदिवस याच्यापुढे बसतोस आणि हिला एवढं कळत नाही की आपण कोण?” क्षितिजा काचेकडे बघत म्हणाली.

“तिला सांगावं लागतं.”

“मग सांग ना! उद्या बारी आहे!”

सांगायचं कसं हेच कळत नव्हतं. जितेंद्रने इंटरनेटवर शोधलं. जगभरात अनेकांना हाच त्रास होता आणि प्रत्येकाने शेवटी लिहिलं होतं, ‘सुटला प्रश्न, धन्यवाद.’ कसा सुटला ते कुणी लिहिलं नव्हतं. जितेंद्र उठला, बसला, पंखा लावला, बंद केला. एक आज्ञा टाइप केली तर बोट डावीकडे नेल्यावर बाण उजवीकडे जायला लागला. दुसरी केली तर वर नेल्यावर खाली. बुवा जेवून आले तेव्हा बाण गोल फिरत होता.

“देवाक प्रदक्षिणा घालता काय तो?” बुवांनी विचारलं आणि पानाचा डबा घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

शनिवारची दिवेलागण झाली आणि जितेंद्रच्या एका आज्ञेला यश आलं. बोट काचेवर, बाण काचेवर, पान काचेवर. जितेंद्र ओरडलाच. बुवांनी दहा-बारा पानं उलटून पाहिली, परत मागे आणली आणि म्हणाले, “जितेंद्रराव, तुमचा ह्या यंत्र उद्या चालतला मा?”

“चालणारच!”

एक बारीकशी गोष्ट राहिली होती. अशी आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवावी लागते, नाहीतर कम्प्युटर बंद होऊन चालू झाला की तो सगळं विसरतो. हे जितेंद्रला माहीत होतं. पण पाठ मोडून आली होती, क्षितिजाने तांदळाची भाकरी आणि कोलंबी वाढली होती, म्हणून त्याने ते सकाळवर ढकललं. सकाळ रिक्षात गेली. मॉनिटर जुना, ढेरपोट्या. तो मांडीवर, कम्प्युटरचं खोकं पायाशी घेऊन जितेंद्र आणि काच पोटाशी धरून क्षितिजा अशी वरात मांडवात पोहोचली.

मांडव, लाइट आणि माइक फेबियनचा. हा सांडोरचा. केळीची बाग होतीच, पण जीव सगळा स्पीकरमध्ये. गणपती असो, चर्चचं फेस्त असो, वसईत कुठे आवाज वाढवायचा असला की फेबियन हजर. त्याने जितेंद्रचं सामान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे जितू, भजन आहे का विमान उडवायचंय? या वायरी पब्लिकला नाय दिसल्या पायजेत हां. स्टेजची शोभा जाते.”

“मग कुठे ठेवू?”

“इकडे. बुवांच्या बाजूला. मागची बाजू आपल्या माणसांकडे, तोंड पलीकडे.”

काचेची वायर आखूड होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. रिकाम्या स्पीकरच्या खोक्यावर मॉनिटर बसला. त्याचं तोंड रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूला झालं, जिथे काशीराम बुवांचा ताफा बसणार होता. जितेंद्र मॉनिटरपुढे मांडी घालून बसला, म्हणजे त्याची पाठ काशीराम बुवांकडे. त्याने कालची आज्ञा पुन्हा टाइप केली, फाइल पुन्हा राहून गेली. दुपार उतरली, आरती झाली, मांडव भरला. काशीराम बुवा आले, गणपतीला नमस्कार केला, जयवंत बुवांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि काचेकडे बघून माइकवर म्हणाले, “आमच्या आंबेरकर बुवांनी घरातून टीव्ही आणलेलो आसा. भजनाक कंटाळलास तर मालिका बघूक मिळतली!”

मांडव हसला. जयवंत बुवांचे कान लाल झाले. त्यांनी पेटी ओढली, सूर धरला, सिद्धेशने थाप मारली आणि नमन सुरू झालं. त्याच क्षणी फेबियनने शोभेसाठी उरलेले दोन हॅलोजन लावले आणि फट् करून सगळं गेलं.

“फ्यूज! फ्यूज! बसून राहा, आपला माणूस गेलाय!” फेबियन ओरडला. माणूस गेला, फ्यूज बसला, दिवे आले. बुवांनी अंधारातही गाणं सोडलं नव्हतं, त्याबद्दल टाळ्या पडल्या. कम्प्युटर हळूहळू जागा झाला. जितेंद्रने घाईने भजनं उघडली, एक प्रत आपल्याकडे, एक बुवांच्या काचेवर. मग त्याला आठवलं. कालची आज्ञा!

बुवांनी ‘पुढे’ला बोट लावलं. काचेवरचं नमन तसंच राहिलं. जितेंद्रच्या मॉनिटरवर मात्र पान उलटलं.

बुवांनी पुन्हा लावलं. मॉनिटरवर आणखी एक पान. बुवांनी नमनाची शेवटची ओळ पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा आळवून घेतली. लोकांना वाटलं, बुवा रंगले. चौथ्यांदा घेताना त्यांनी जावयाकडे असं काही पाहिलं की जितेंद्रने नजर खाली वळवली. आणि मग बुवा गायला लागले. काचेकडे न बघता, वहीशिवाय, एकामागून एक. रूपावली, अभंग, गौळण, सगळं खणखणीत. आता आणखी कशाला हात लावायची जितेंद्रची छाती होईना; तो आपल्या मॉनिटरवर त्यांच्याबरोबर पानं तेवढी पुढे नेत राहिला. क्षितिजा खालून तोंडात पदर घालून बघत होती. तिला वडिलांचा तो चेहरा माहीत होता. चिडले की बुवांना सगळं आठवायचं, अगदी तिच्या लग्नात कुणी आहेर दिला नव्हता तेसुद्धा.

काशीराम बुवांची बारी झाली. तीही बरी झाली. मधे मधे ते पाणी फार पीत होते, एवढंच. मग झगडा सुरू झाला आणि लोक पुढे सरकले. जयवंत बुवांनी पहिलं कोडं घातलं.

“घरात आहे, घरचा नाही, दारी असून दाराचा नाही,
लेक जाई, सून येई, दोघींनाही तो अडवत नाही,
सांग बुवा, कोण तो?”

कोरसने ओळ उचलली. टाळ कडकडले. काशीराम बुवांनी पेटीवर बोटं फिरवली, पाणी प्यायलं, पुन्हा बोटं फिरवली. इकडे जयवंत बुवांनी काचेला बोट लावलं. जितेंद्रच्या मॉनिटरवर पान उलटलं. आणि काशीराम बुवा एकदम गायला लागले.

“आडवं लाकूड, सांभाळी घरचा गोडवा,
उंबरा त्याचं नाव बुवा, आधी त्याला हात लावा!”

मांडव उठला. शिट्ट्या झाल्या. जितेंद्र मात्र थिजला. ही ओळ त्याने स्वतः टाइप केली होती, शब्दन् शब्द, पुढच्या पानावर, मोठ्या अक्षरात. ती त्याच्या सासऱ्यांची होती. त्याने मान वळवून पाहिलं. काशीराम बुवांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि नजर जितेंद्रच्या डोक्यावरून थेट मॉनिटरवर.

सासऱ्यांची अब्रू आपल्याच मॉनिटरवरून वाहून चालली आहे! जितेंद्र डावीकडे सरकला, डोक्याने पडदा झाकायला. काशीराम बुवा उजवीकडे कलले. जितेंद्र उजवीकडे. बुवा डावीकडे. लोकांना वाटलं दोघेही भक्तीत डोलताहेत, म्हणून पुढच्या रांगाही डोलू लागल्या.

मॉनिटर बंद करावा तर आज्ञा कुठे टाइप करणार? जितेंद्रने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि कालची ओळ आठवून टाइप करायला घेतली. अर्धी झाली नाही तोच बुवांचं बोट काचेला लागलं, बाण उडाला आणि उरलेली अर्धी आज्ञा गौळणीत जाऊन पडली. त्याने ती पुसली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बोट. या वेळी आज्ञा अभंगात. जितेंद्रने हातवारे केले, ‘लावू नका, लावू नका!’ बुवांनी ते पाहिलं. नक्की पाहिलं. आणि आणखी दोनदा बोट लावलं.

“अहो बाबा, थांबा ना!” जितेंद्र दात खाऊन पुटपुटला.

“तू गप बस!” बुवांनी पेटीआडून उत्तर दिलं आणि दुसरं कोडं घातलं. त्याचंही उत्तर काशीराम बुवांनी दिलं. तिसऱ्याचंही. लोकांनी काशीराम बुवांच्या पेटीवर फुलं फेकायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, “आंबेरकर बुवांचा आता वय झाला!” खाली क्षितिजाने ते ऐकलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पेटी पलंगाखाली जाणार, हे तिला दिसत होतं. जितेंद्रलाही दिसत होतं, आणि ती ढकलणारा हात आपलाच, हेही.

तेवढ्यात सिद्धेशला पखवाज एकट्याने वाजवायची लहर आली. त्याला सूर धरायला बुवांचे दोन्ही हात पेटीवर अडकले. हीच संधी! जितेंद्रची बोटं धावली. आज्ञा पुरी झाली, चालली, आणि या वेळी त्याने ती फाइलीतही लिहून टाकली, कायमची. फ्यूज उडो नाहीतर वीज कोसळो, काच आता विसरणार नव्हती. त्याच्या मॉनिटरवर फक्त काळी खिडकी उरली. जितेंद्रने घाम पुसला आणि सासऱ्यांना अंगठा वर करून दाखवला.

बुवांचं लक्ष नव्हतं. ते शेवटचं कोडं घालत होते.

“दोघे भाऊ, एकच दोरी, भेटले की मारामारी,
एकटा असता मुका बिचारा, भांडण चाले देवाच्या दारी,
सांग बुवा, हे कोण?”

कोरस झाला. काशीराम बुवांनी पाणी प्यायलं. मॉनिटरकडे पाहिलं. काळी खिडकी. त्यांनी पेटीवर बोटं फिरवली. कोरसने ओळ पुन्हा घेतली. काशीराम बुवांनी पुन्हा बोटं फिरवली. त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर दोघे जण टाळ बडवत होते आणि बुवांना टाळ आठवत नव्हता. मांडव शांत होऊ लागला. लांबून एक शिट्टी आली, चांगली नव्हे. काशीराम बुवांच्या पेटीचा एक सूर भलताच लागला.

जिंकलो, जितेंद्र मनात म्हणाला आणि शाबासकीसाठी वळला.

बुवांनी काचेला बोट लावलं होतं. त्यांच्या काचेवर पान उलटलं. ते दचकले. परत लावलं. परत त्यांच्याच काचेवर. त्यांनी मॉनिटरकडे वाकून पाहिलं आणि जितेंद्रचं मनगट धरलं.

“काय केलंस तू?”

“दुरुस्त केलं!”

“मोड!”

“काय?”

“मोड ता! होता तसा कर! माणूस मरता थय!”

जितेंद्रने समोर पाहिलं. काशीराम बुवा घामाने भिजले होते, चष्मा पुसत होते आणि कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हते. क्षणभर जितेंद्रला काहीच कळलं नाही. मग एकदम कळलं. सासऱ्यांचं ते बोट, एवढ्या विनवण्या करूनही न थांबणारं. मोडायला वेळ नव्हता आणि कायमचं दुरुस्त केलेलं मोडायचं कसं, हे इंटरनेटवरही कुणी लिहिलं नसतं. त्याने काळी खिडकी बंद केली, टाळाचं पान उघडलं आणि मॉनिटर मोकळा व्हावा म्हणून कमरेतून वाकून कपाळ थेट स्टेजला टेकवलं.

“वा रे जावई! काय भक्ती!” पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या आणि त्यांनीही हात जोडले.

“टाळ माझा, टाळ तुझा, भांडण त्यांचं, पुण्य माझं,
एक हरवला तर दुसऱ्याचं, सांग बुवा, काय वाजे?”

काशीराम बुवांचा आवाज पहिल्या ओळीला कापरा होता, दुसऱ्या ओळीला भरून आला. मग त्यांनी तीच ओळ सात-आठ वेळा घेतली, दर वेळी नवीन तऱ्हेने, आणि त्यातली एकही तऱ्हा मॉनिटरवर नव्हती. जयवंत बुवांनी आपली पेटी त्यांच्या सुरात मिळवली. दोन्ही ताफे एकदम वाजू लागले. फेबियनने आनंदाने आवाज एवढा वाढवला की शेजारच्या इमारतीतली कबुतरं उडाली. जितेंद्र कपाळ टेकवून तसाच होता. उठला असता तर ओळ झाकली असती.

मंडळाने दोघांनाही नारळ आणि शाल दिली, पण काशीराम बुवा जिंकले हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की अशी बारी आचोळ्याने पाहिली नाही आणि पुढच्या वर्षीही हीच दोघं. लोक पांगले. मांडवामागे जितेंद्र वायरी गुंडाळत होता आणि क्षितिजा वडिलांसमोर उभी होती.

“बाबा, हरलात तुम्ही,” ती म्हणाली. “आणि हसताय काय?”

“तर काय रडू?” बुवा नारळ खाली ठेवत म्हणाले. “काशीरामाच्या आता ध्यानात काय रवणा नाय. लय दिवस मी बघतंय. पानी पिता, हसता, सांभाळून नेता. ह्या जावयाच्या कृपेन माझी काच हलना आणि त्याच्यासमोर पान उलटता. पयल्या कोड्याक माझ्या बोटान चुकून दाबला. तो वाचून गायलो. मग मी दाबीतच रवलंय.”

“पण तुमची इज्जत?” जितेंद्र म्हणाला. त्याच्या कपाळाला स्टेजची धूळ तशीच होती.

“समोरचो बुवा गप रवलो तर माका कोण बोलवतलो? एकट्यान झगडो करतत काय रे? माका तुझो राग इलो, रागान सगळा आठवला. त्याका कोणाचो राग येवचो? त्याका जावई नाय!”

क्षितिजा हसली आणि तिने डोळे पुसले. जितेंद्रने कपाळावरची धूळ पुसली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी नीट, कायमचं दुरुस्त केलं होतं, आणि तोच एक अपराध ठरला होता.

तेवढ्यात काशीराम बुवा निरोप घ्यायला आले. खांद्यावर शाल, हातात नारळ. ते जयवंत बुवांना म्हणाले, “बुवा, आज तुमची बारी रंगली नाय. वाईट वाटून घेव नका. वय झाला काय असाच होता.”

“होय बाबा,” जयवंत बुवा अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाले आणि पेटीचा पट्टा बांधायला खाली वाकले.

काशीराम बुवा निघाले. जितेंद्रपाशी मात्र थांबले. इकडे तिकडे पाहिलं. मग मॉनिटरवर हलकेच हात ठेवून त्याच्या कानाशी लागले.

“जावयानु, पुढच्या वर्साक अक्षर वायच मोठा करा.”